'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' आणि ३८ टक्क्यांवर अचानक बंद: चार्जर, बॅटरी की बोर्ड?

उंबरठा

नमस्कार मंडळी. लॅपटॉप १५.६ इंची, चार वर्षं वापरातला, विंडोज ११. बॅटरी आतली आहे, मागचं झाकण खोलल्याशिवाय दिसत नाही. चार्जर मूळचाच: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, ६५ वॉट. पिन गोल, मधोमध बारीक सुई.

त्रास दोन आहेत. चार्जर लावला की कधी चार्ज होतो, कधी 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' दाखवतो. हल्ली दुसरंच जास्त. चार्जरच्या ठोकळ्यावरचा दिवा मात्र लागलेला असतो आणि लॅपटॉप चालूही राहतो. असं झालं की मशीन कमालीचं संथ होतं, एक्सेलची साधी फाइल उघडायला रडवतं. चार्जर काढून टाकला की लगेच नेहमीच्या वेगाला येतं.

दुसरं म्हणजे बॅटरीवर चालताना ३८-४० टक्क्यांच्या आसपास कसलीही सूचना न देता फट्दिशी बंद. परत चालू केल्यावर कधी ३६ दाखवतो, कधी ७.

डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीची नोंद काढून रीस्टार्ट, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरणं, विंडोज अपडेट, हे करून झालंय. दुकानदार म्हणतो मदरबोर्डवरचा चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) गेला, मशीन ठेवून जा. घरी मल्टीमीटर आहे, स्क्रू खोलायची भीती नाही. बोर्ड कुणाच्या हातात द्यायच्या आधी काय काय तपासून घेऊ?

सोल्डरगन

मशीन इतक्यात कुठेही ठेवू नका. अर्धं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे: चार्ज होत नसताना मशीन रखडतं आणि चार्जर काढला की पळतं. नुसता चार्जिंग आयसी गेला तर चार्जिंग थांबेल, पण प्रोसेसरला लगाम घालायचं त्याला कारण नाही. हा लगाम लागतो तो बहुतेक वेळा समोरचा चार्जर किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला कळलं नाही म्हणून.

डेल आणि एचपी या दोघांच्या गोल पिनांमध्ये मधली सुई असते. वीज तिच्यातून येत नाही, तिच्यावरून चार्जरची ओळख पटते. डेलच्या चार्जरमध्ये त्यासाठी एक इवलीशी मेमरी चिप असते आणि लॅपटॉप सुईवरून ती वाचतो: कंपनीचा आहे का, ४५ वॉटचा की ६५ चा की ९० चा. ओळख पटली नाही तर लॅपटॉप जपून वागतो. बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसर अगदी खालच्या वेगावर ठेवतो, म्हणजे अनोळखी चार्जरवर झेपणार नाही इतका भार पडू नये. केबलमधल्या वीज नेणाऱ्या दोन तारा जाड असतात, ओळखीची तार बारीक. सतत वाकवून वाकवून तीच आधी तुटते. तुटायच्या जागाही ठरलेल्या: पिनेपाशी केबल शिरते ती रबरी मान, नाहीतर ठोकळ्यातून केबल बाहेर येते तिथे.

तपासायचं असं. चार्जर लावून मशीन सुरू करा आणि बायोसमध्ये (लॅपटॉपच्या स्वतःच्या मूळ सेटिंगच्या पानावर) जा. डेलला एफ२, एचपीला एफ१०. डेलमध्ये बॅटरीच्या माहितीपाशी 'एसी अॅडॅप्टर' अशी ओळ सापडेल. तिथे ६५ वॉट लिहिलंय की 'अननोन'? बरेचदा सुरू होतानाच पडद्यावर इशारा येतो की अॅडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही, बॅटरी कदाचित चार्ज होणार नाही. बायोस विंडोजच्या आधीचा असल्यामुळे ड्रायव्हरचा संशय इथेच मिटतो. मग पिनेजवळची मान थोडी एका अंगाला वाकवून धरा आणि परत पाहा. नोंद जागच्या जागी बदलेलच असं नाही, बायोसमधून बाहेर येऊन पुन्हा आत जावं लागतं.

मल्टीमीटरबद्दल. या पिनेत धन टोक नळीच्या आतल्या भिंतीला असतं आणि ऋण बाहेरच्या अंगाला. मधली सुई धन नव्हे. लाल प्रोबचं जाड टोक आत खुपसलं आणि सुई आतल्या भिंतीला टेकली की १९.५ व्होल्ट थेट ओळखीच्या चिपवर जातात, चिप मेली. मग सुरुवातीला नसलेला बिघाड तयार. खरं सांगायचं तर तुम्हाला इथे मीटरची गरजच नाही. लॅपटॉप चार्जरवर चालतोय म्हणजे व्होल्टेज येतंय. ओळख पटतेय का ते मीटर सांगत नाही, आणि भार पडल्यावर चार्जरचं व्होल्टेज कोसळतं का तेही बिनभाराच्या मोजणीत कळत नाही. मोजायचंच असेल तर डीसी २०० ची रेंज घ्या. स्वस्त मीटरची २० ची रेंज १९.९९ ला संपते, आणि चांगला चार्जरही रिकामा असताना तिच्या अगदी काठावर असतो.

सगळ्यात पक्की तपासणी म्हणजे दुसरा चार्जर. त्याच कंपनीचा, मूळचा, ६५ किंवा ९० वॉटचा. ९० वॉटने काही बिघडत नाही, लॅपटॉप हवा तेवढाच करंट ओढतो. ४५ चा नको. आणि ४.५ मिलिमीटरची पिन डेल व एचपी दोन्हींना बसते म्हणून एकाचा चार्जर दुसऱ्याला लावून पाहू नका. बसेल, दिवाही लागेल, ओळख पटणार नाही, आणि तुम्ही उगाच बोर्डला दोष द्याल.

३८ टक्क्यांचा भाग वेगळा वाटतो. दोन बिघाड एकाच वेळी आले की दुकानदार एकच मोठं निदान सांगून मोकळा होतो.

रात्रपाळी

वरच्याला अनुमोदन. बॅटरीच्या बाजूने हे करा.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. पॉवरसीएफजी लिहा, एक मोकळी जागा सोडा, मग तिरपी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, एंटर. (स्पेलिंग नेहमीचंच, मोबाइलवर देवनागरीतून लिहितोय.) ज्या फोल्डरमध्ये प्रॉम्प्ट उघडला असेल तिथे एक वेबपान तयार होतं, ते ब्राउझरमध्ये उघडा. तीन आकडे हवेत: डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता), फुल चार्ज कपॅसिटी (आताची क्षमता), सायकल काउंट (किती वेळा पूर्ण वापरून भरली). पहिले दोन मिलिवॉट-तासांत असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ८० टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरी बरी. ६० च्या खाली असेल तर बदलायला झालीच. सायकलचा रकाना काही मशीनवर रिकामाच असतो, त्यावरून काही ठरवू नका. साध्या लॅपटॉप बॅटऱ्या ३०० ते ५०० सायकलमध्ये ८० टक्क्यांपर्यंत उतरतात, हा ढोबळ हिशेब.

त्याच पानावर खाली 'रीसेंट यूसेज' आहे. बंद पडण्याआधीची शेवटची ओळ आणि त्यानंतरची पहिली ओळ, दोन्हींतली टक्केवारी इथे टाका. ३८ वरून एकदम ७ अशी उडी असेल तर सेल तरी थकलाय किंवा आतल्या चार्ज मोजणाऱ्या आयसीचा हिशेब भरकटलाय. मोजणी चुकली असेल तर एकदा कॅलिब्रेशन करून पाहता येईल: पूर्ण चार्ज, दोन तास तसाच, मग बॅटरीवर ५ टक्क्यांपर्यंत, थोडा वेळ थांबून पुन्हा अखंड पूर्ण चार्ज. पण आधी आकडे येऊ देत.

डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरी काढायचा उपाय प्रत्येक व्हिडिओत सांगतात. विंडोजची नोंद अडकली असेल तेवढ्यापुरताच तो चालतो. तार तुटली असेल तर त्याने काय होणार?

लिंबूटिंबू

टाइप-सी पोर्ट असेल तर तिथून चार्ज करून बघा की राव, गोल पिनेची भानगडच नको. माझ्याकडे मोबाइलचा ६७ वॉटचा चार्जर आहे, तसला चालेल ना?

सोल्डरगन

पोर्ट चार्जिंगचा असेल तर कल्पना छान आहे, कारण ओळखीची सुई पूर्ण बाजूला पडते. पण प्रत्येक टाइप-सी पोर्ट लॅपटॉपला वीज देत नाही, बरेच नुसते डेटाचे असतात. पोर्टशेजारी प्लगचं चिन्ह आहे का, किंवा मॅन्युअलमध्ये 'पॉवर डिलिव्हरी' लिहिलंय का ते बघा.

मोबाइलच्या ६७ वॉटवर जाऊ नका. तो आकडा बहुतेकदा कंपनीच्या स्वतःच्या जलद चार्जिंगचा असतो, तो फक्त त्यांच्याच फोनशी जमतो. लॅपटॉपला लागतं पॉवर डिलिव्हरीतलं २० व्होल्ट. ठोकळ्यावरचं बारीक छापील वाचा: 'पीडी' पुढे ५ आणि ९ व्होल्टच असतील तर लॅपटॉप त्याला नकार देईल, नाहीतर 'स्लो चार्जर' म्हणून सांगेल. २० व्होल्ट ३.२५ अँपिअर असेल तर ६५ वॉट झाले. आणि केबल: ३ अँपिअरच्या वर जायचं तर केबलच्या टोकात ओळख देणारी चिप लागते. साध्या केबलवर २० गुणिले ३, म्हणजे ६० वॉटला गाडी थांबते, मग ठोकळा १०० चा का असेना.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे केलं.

बायोसमध्ये 'अननोन'. मान डावीकडे वाकवून धरली आणि परत आत गेलो तर ६५ वॉट. सोडली की पुन्हा 'अननोन'. ऑफिसमधल्या एकाचा त्याच कंपनीचा ९० वॉटचा लावला: ओळखला, चार्जिंग सुरू, वेगही पूर्ववत. टाइप-सी पोर्ट डेटाचाच निघाला.

रिपोर्ट: डिझाइन ४१,९९७, फुल चार्ज २७,३१०, सायकल ६११. बंद पडण्याआधीची ओळ ३९ टक्के, नंतरची ८.

भागाकार ६५ टक्के येतो, म्हणजे काठावर. आज रात्री ९० वॉटच्या चार्जरवर कॅलिब्रेशन लावून ठेवतो, सकाळी कळवतो. जाता जाता: टचपॅडचा खालचा डावा कोपरा गेले दोनेक महिने क्लिक होत नाही आणि मागच्या झाकणाला त्याच बाजूला नख जाईल एवढी फट आलीय. त्याचं वेगळा धागा काढून विचारीन.

घाटवळण

वेगळा धागा नको, आणि कॅलिब्रेशन अजिबात नको. रात्रभर तर नकोच. तुमची बॅटरी फुगली आहे.

अशा मशीनमध्ये बॅटरी बहुधा टचपॅडच्या बरोबर खाली असते. आतले सेल चांदीसारख्या मऊ पाकिटांतले. वय आणि उष्णतेने आतलं रसायन विघटित होऊन वायू धरतं, पाकीट फुगतं, वर टचपॅडला टेकतं आणि खाली झाकण ढकलतं. टचपॅड दबायला जागाच उरत नाही म्हणून क्लिक नाही. फट आणि क्लिक एकाच कोपऱ्यात, म्हणजे त्या बाजूचा सेल.

चार्जर आत्ता काढा. बॅकअप राहिला असेल तर चार्जर न लावता, आहे त्या चार्जवर घ्या. बॅटरीत ऊर्जा जेवढी कमी तेवढं बरं. मग शटडाउन, स्लीप नाही. झाकण दाबून फट मिटवायचा प्रयत्न करू नका. हा मोह फार जणांना होतो.

काढताना: फरशीवर किंवा ओट्यावर बसा, गादीवर नाही. पीएच०० ऐवजी पीएच० चा (फुलीच्या टोकाचा, एक माप मोठा) स्क्रू ड्रायव्हर घ्या, छोटा घसरून खाचा खातो. झाकणाचे स्क्रू कमीजास्त लांबीचे असतात, कागदावर झाकणाचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरून कीबोर्डला टेंगूळ येतं, क्वचित बोर्डलाही लागतो. झाकण सोडवायला प्लास्टिकचं कार्ड किंवा गिटारची पिक. सुरी, पेचकस काही नाही, कारण खाली ताणलेलं पाकीट आहे. बॅटरीच्या फुगलेल्या बाजूकडून सुरुवातही करू नका, समोरच्या बाजूने उघडत या.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. तारांना ओढू नका, प्लास्टिकच्या टोकाने कनेक्टरचं शरीर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ढकला. मग बॅटरीचे चार-पाच बारीक स्क्रू. या वर्गातल्या मशीनमध्ये ती बहुधा नुसत्या स्क्रूवरच असते. चिकटवलेली निघाली तर खरवडत बसू नका, तिथे थांबा आणि कनेक्टर सुटलेल्या अवस्थेतच मशीन दुरुस्तीवाल्याकडे न्या.

काढलेली बॅटरी वाकवायची नाही, टोचायची नाही. 'हवा काढतो' म्हणणाऱ्याच्या हाती तर मुळीच द्यायची नाही. कनेक्टरवर टेप लावून कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास किंवा फुसफुस ऐकू आली तर तिला हात न लावता लांब व्हा. पेटलीच तर वीज बंद करून भरपूर पाणी. लिथियमवर पाणी नको ही समजूत शुद्ध लिथियम धातूवरून आलीय. या बॅटऱ्यांना थंड करणं महत्त्वाचं, विमानातही लॅपटॉप पेटला तर पाणीच ओततात. धूर मात्र विषारी, खोलीत थांबू नका.

रात्रपाळी

घाटवळण म्हणतात तेच बरोबर. मी सांगितलेलं कॅलिब्रेशन फुगवटा नसलेल्या बॅटरीसाठी आहे, ते इथून रद्द समजा.

सोल्डरगन

फुगवट्याने ३८ टक्क्यांचंही कोडं सुटतं.

४२ वॉट-तासांची ही बॅटरी म्हणजे एकामागे एक जोडलेले तीन सेल, लेबलवर ११.४ व्होल्ट असेल. भरलेला सेल साधारण ४.२ ते ४.४ व्होल्ट, रिकामा ३ च्या आसपास. विंडोजला दिसते ती टक्केवारी साऱ्या पॅकची असते, पण बॅटरीतलं संरक्षण सर्किट प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवतं. समजा ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला, करंट वाढला. दोन सेल ३.७ वर टिकले आणि फुगलेला तिसरा २.८ ला कोसळला. बेरीज अजून १०.२ व्होल्ट, तीन रिकाम्या सेलच्या ९ पेक्षा वर, म्हणून टक्केवारी मजेत ३९ दाखवते. सर्किटला मात्र २.८ दिसतं आणि ते एका क्षणात वीज तोडतं. विंडोजला 'लो बॅटरी' म्हणायलाही सवड मिळत नाही. भार गेल्यावर सेल थोडा सावरतो, म्हणून चालू केल्यावर कधी ३६ दिसतं आणि कधी हिशेब नव्याने लावून ७ किंवा ८. तुमच्या रिपोर्टातलं ६५ टक्केसुद्धा या तिसऱ्या सेलचा पुरता अंदाज न घेता आलेलं आहे, ते काठावरचं समजू नका.

म्हणजे बिघाड दोन: चार्जरची ओळखीची तार आणि बॅटरी. बोर्डवर संशय घ्यायला अजून काहीही नाही, कारण ९० वॉटवर चार्जिंग सुरू झालं. तसं झालं नसतं, बॅटरीही नवी असती आणि जॅकही ठीक असता, तर मग बोर्डकडे वळायचं. तेव्हासुद्धा आयसी आधी बदलायचा नसतो. जॅकमागचे दोन मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), त्यानंतर १९ व्होल्ट पुढे जातात का, ०.०१ ओहमचा करंट मोजणारा रेझिस्टर (वर आर०१० छापलेलं असतं) आतून तुटलाय का, बॅटरी कनेक्टरवरच्या दोन डेटा लाइनी जिवंत आहेत का, एवढं बघून मग आयसी. दुकानदाराने न उघडताच आयसी सांगितला असेल तर त्याला यातलं काय मोजलं ते विचारा.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींसाठी एक जादा गोष्ट: खाऱ्या दमट हवेत जॅकच्या आत आणि बॅटरी कनेक्टरवर हिरवट थर धरतो, लक्षणं अशीच. बॅटरी सोडवून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

उंबरठा

बॅटरी काढली. मधला सेल नाही, डावीकडचाच, उशीसारखा झालाय. वाळूच्या डब्यात आहे. बॅटरीशिवाय ९० वॉटवर मशीन नीट सुरू झालं, टचपॅड पण क्लिक होतोय!

आता नवी बॅटरी घ्यायची. ऑनलाइन त्याच मॉडेलसाठी पाच-सहा प्रकारच्या दिसतायत, आणि एक जण जुन्या पॅकमध्येच नवे सेल टाकून निम्म्यात देतो म्हणतो. चार्जरची पिन कापून नवी जोडून चालेल का?

रात्रपाळी

लॅपटॉपच्या मॉडेलवरून बॅटरी घेऊ नका, काढलेल्या बॅटरीच्या लेबलवरच्या पार्ट नंबरवरून घ्या. एकाच मॉडेलमध्ये बरेचदा तीन सेलची छोटी आणि चार सेलची मोठी अशा दोन असतात. मोठी असते ती हार्ड डिस्कच्या कप्प्याची जागाही घेते, स्क्रूंची भोकं वेगळी, व्होल्टेज वेगळं. लेबलवर व्होल्ट आणि वॉट-तास जुळले पाहिजेत. विक्रेता नुसते एमएएच (मिलिअँपिअर-तास) सांगत असेल तर गुणाकार करा: ११.४ व्होल्ट गुणिले ३.६८ अँपिअर-तास म्हणजे ४२ वॉट-तास. त्याच आकाराच्या पाकिटात ६० वॉट-तास लिहिलं असेल तर आकडा खोटा आहे, तेवढी जागाच नाही.

भारतात विकायच्या लिथियम बॅटरीवर आणि चार्जरवरही बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते. लेबलवर 'आर' आणि आठ आकडी क्रमांक असतो, बॅटरीसाठी आयएस १६०४६, चार्जरवर बरेचदा आयएस १३२५२. बीआयएस केअर अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर आहे ते कळतं. लेबलवर एक कंपनी आणि अॅपमध्ये भलतीच असेल तर परत करा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेत असाल तर हे काउंटरवरच बघता येतं, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.

बसवल्यावर लगेच पुन्हा रिपोर्ट काढा. डिझाइन आणि फुल चार्ज जवळपास सारखे हवेत आणि सायकल एक आकडी. फुल चार्ज पहिल्या दिवशीच ८० टक्क्यांच्या खाली असेल तर माल वर्षानुवर्षं रिकामा पडून राहिलेला आहे. परताव्याची मुदत असेपर्यंतच हे करा.

सोल्डरगन

सेल बदलून घेऊ नका. तीनही सेल एका जातीचे, एका क्षमतेचे आणि एका वयाचे लागतात, बाजारात ते तसे मिळत नाहीत. शिवाय मोजणाऱ्या आयसीच्या स्मरणात जुन्याच बॅटरीचा हिशेब असतो आणि काही पॅक बिघाड नोंदवून स्वतःला कायमचे कुलूपबंद करतात. सेल नवे, तरी चार्ज होणार नाही. मऊ पाकिटाच्या सेलवर सोल्डरिंगची उष्णता हा आणखी वेगळा धोका.

पिन बदलता येते. तीन तारांची पिनेसकट केबल मिळते, पण बिघाड मानेतच आहे याची खात्री हवी, आणि ती आहे. मानेपासून तीन-चार इंच मागे कापून जोडायची. तीन तारा जशास तशा, प्रत्येकीला वेगळी हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). ओळखीची तार धन तारेला टेकली की काय होतं ते वर लिहिलंय. ३ अँपिअर वाहणारा सांधा आहे, पीळ देऊन टेप गुंडाळलेला चालणार नाही. हात बसलेला नसेल तर नवा मूळ चार्जर घ्या, पैसे तिथे वाचवू नका. कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीने बनवलेला) घेतलात तर दुकानातच लॅपटॉपला लावून बायोसमध्ये वॉट वाचून घ्या. बऱ्याच कंपॅटिबल चार्जरमध्ये ओळखीची चिप नसते किंवा कुठलीतरी असते.

लिंबूटिंबू

थोडं अवांतर. माझ्या लॅपटॉपचं अंग धातूचं आहे, चार्जर लावला की मनगटाला झिणझिण्या येतात. चार्जर खराब?

घाटवळण

बहुतेक सॉकेटचं अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांचा प्लग तुम्ही दोन पिनांच्या कन्व्हर्टरवर लावलाय. चार्जरमधल्या गाळणीच्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट धातूच्या अंगावर येतो. अर्थ असली तर तो तिकडे निघून जातो, नसली तर तुमच्यातून. वायरमनकडून त्या सॉकेटची अर्थ तपासून घ्या, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात फारतर दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. झिणझिण्या नसून झटका असेल तर चार्जर बंदच करा.

उंबरठा, जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, गाडीतच दाबली जाऊन पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. नाहीतर महापालिकेचं ई-कचरा संकलन. फुगलेली आहे हे आधी सांगा आणि कुरिअरने पाठवू नका.

चष्मेबद्दूर

धागा वाचून घाबरलो. माझाही 'नॉट चार्जिंग' म्हणतो, पण नेहमी बरोबर ६० टक्क्यांवर. वेग ठीक, टचपॅड ठीक. नवाच आहे, सहा महिन्यांचा.

रात्रपाळी

नेहमी एकाच गोल आकड्यावर थांबतो म्हणजे सेटिंग. लिनोव्हो असेल तर व्हँटेज अॅपमध्ये 'कन्झर्व्हेशन मोड' चालू असेल, जुन्या मॉडेलवर तो ६० च्या आसपास थांबवतो, नव्यांवर ८०. आसुस असेल तर मायआसुसमध्ये ६०, ८०, १०० असे पर्याय आहेत. एचपीत बायोसमधलं 'बॅटरी हेल्थ मॅनेजर', डेलमध्ये बायोसमधलं चार्जिंगचं पान, 'प्रायमरिली एसी यूज' किंवा 'कस्टम'.

दिवसभर टेबलावर, चार्जर लावूनच काम असेल तर बंद करू नका. सेल पूर्ण भरलेला आणि गरम, अशा अवस्थेत महिनोन्महिने ठेवला की लवकर म्हातारा होतो. प्रवासाच्या आदल्या रात्री १०० करा, परत आल्यावर पुन्हा ६० किंवा ८०. उंबरठा, नवी बॅटरी बसली की तुम्हीही हे लावून घ्या.

उंबरठा

डेलसारखंच पान आहे, 'कस्टम' मध्ये सुरू ५० आणि थांब ८० ठेवतो. बॅटरी मागवलीय, पार्ट नंबर जुळवून. आल्यावर रिपोर्टचे आकडे टाकतो.